तांबडीचा पहिला गिअर

बापू, परवा तुझ्या शववाहिकेला मी मागून धडक दिली.

फार मोठी नाही. तुझ्या दारातून सगळ्या गाड्या रांगेत निघायच्या होत्या आणि माझी गाडी अगदी तुझ्या मागे होती. पायात नवे काळे बूट. सुधाने मुद्दाम अंत्यविधीसाठी आणलेले, तळवे काचेसारखे गुळगुळीत. मी पहिला गिअर टाकला, क्लचवरून पाय निसटला, गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि ठण्ण! पुढच्या काचेतून तुझ्यावरची पांढरी फुलं थरथरताना दिसली. तेवढ्यात इथल्या इंग्लिश रिवाजाप्रमाणे अंत्ययात्रेच्या पुढे चालणारा तो उंच टोपीवाला म्हातारा सावकाश आला, माझ्या खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "काळजी करू नका, सर. त्यांना काही जाणवलं नसणार."

जाणवलं असतं तर काय झालं असतं, ते त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार! तू झाकण लाथेने उडवून खाली उतरला असतास, माझ्या बॉनेटवर दोन्ही मुठी आपटल्या असत्यास आणि सगळ्या वॉटफर्डला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला असतास, "मध्या, गाढवा, माझं मढंसुद्धा धड पोचवता येत नाही तुला!" खरं सांगतो, मी क्षणभर वाट पाहिली. आरडाओरडा झाला नाही, तेव्हा कुठे मला पटलं की तू गेलास.

लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. किती हाडं जोडलीस, किती म्हाताऱ्यांना खुब्याचे सांधे घालून चालतं केलंस. मी मागे बसून मनात म्हणत होतो, जोडलेली सगळे सांगतायत, मोडलेली कोण सांगणार? ते काम माझ्याकडे आलं आहे असं समज. बायकोचा थोरला भाऊ म्हणून मी तुझ्याशी कधी अदबीने वागलो नाही, कारण त्याआधी तू हॉस्टेलवर माझा रूममेट होतास आणि एका कपाटावरून तू माझा दात हलवला होतास. पुढे तुझी बहीण सुधा मी केली तेव्हा तू म्हणालास, "दाताची भरपाई झाली बरं का."

मी छातीचा डॉक्टर, तू हाडांचा. आपला सगळा झगडा त्यात आला. मी रोग्याला विचारतो, ऐकतो, पाठीवर बोट वाजवतो. तू हातोडा मागतोस. तुझं ऑपरेशन मी एकदाच पाहिलं. एवढा घाम गाळून, एवढ्या ताकदीने एखाद्या माणसाला ठोकताना मी फक्त आमच्याकडच्या लोहाराला पाहिलं होतं, आणि तो निदान ऐरणीवर ठोकायचा.

म्हणूनच तांबडी बिघडली तेव्हा आपलं जमणं शक्यच नव्हतं.

तांबडी म्हणजे माझी पहिली इंग्लिश गाडी, सेकंडहँड, रंगाने भडक तांबडी, लांब दांड्याच्या गिअरची. पहिली काही वर्षं सुतासारखी चालली. मग त्या हिवाळ्यात तिचे गिअर जड झाले. पहिला टाकायचा तर दांडा छातीने ढकलावा लागे. रिव्हर्स टाकला की आतून करवतीने पत्रा कापल्यासारखी किंकाळी येई आणि शेजारची बाई पडदा सरकवून बघे. तुझी नेमणूक तेव्हा जवळच्याच हॉस्पिटलात होती, त्यामुळे दर रविवारी तू तिला तपासायला येत होतास. तपासायला म्हणजे मारायला. दांडा दोन्ही हातांनी धरून तू असा खेचायचास, की मला तिच्या जागी कुणीतरी निखळलेल्या खांद्याचा पेशंट दिसे. एकदा दांड्यावरची गोल मूठ फुटून तुझ्या तळहातात घुसली. तू ती उपटून काढलीस आणि माझ्या गुलाबांत फेकलीस. एकदा पाना फेकलास, तो गॅरेजच्या खिडकीतून आरपार गेला. चहा घेऊन आलेली सुधा काचांवर उभी राहून म्हणाली, "दादा, साखर किती?"

तुझं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं. "गिअरबॉक्स गेलाय. दात झिजलेत. उघडायचा आणि बदलायचा."

"उघडायच्या आधी हिस्टरी तर घे," मी म्हणायचो. "हे बघ. इंजिन बंद असताना गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. इंजिन चालू केलं की दगड. गिअरबॉक्सचे दात झिजलेले असते, तर बंद असतानाही अडकला असता. म्हणजे दोष क्लचमध्ये आहे. तू पेडल दाबतोस, पण इंजिन आणि चाकं पूर्ण सुटी होतच नाहीत."

"केबल बघितली?"

"बघितली. ठीक आहे."

"क्लचची प्लेट?"

"गॅरेजवाल्याने बघितली. ती पण ठीक आहे."

"मग क्लचला काय मानसिक आजार झालाय? गिअरबॉक्स!" आणि पुन्हा एक रट्टा.

मी तत्त्वाने बरोबर होतो आणि पुराव्याने उघडा पडलो होतो. माझ्या धंद्यात हे नेहमीचंच. पण तुझ्यापुढे ते कबूल करणं म्हणजे दुसरा दात हलवून घेणं.

आता तो रविवार. आई, म्हणजे तुझी आणि सुधाची आई, सहा महिने राहून परत निघाली होती. तिला हीथ्रोवर सोडून आपण तिघं परतत होतो. गाडी माझी, पण चालवत तू होतास, कारण "तुझ्या हातचे गिअर मला ऐकवत नाहीत." मी तुझ्या शेजारी. सुधा मागे, आईने शेवटपर्यंत मांडीवर धरलेली पिशवी आता स्वतःच्या मांडीवर घेऊन. विमानतळावर तू आईच्या खांद्यावर डोकं ठेवून असा रडलास की सिक्युरिटीचा माणूस पाण्याचा ग्लास घेऊन आला. सहा फुटांचा सर्जन आणि हुंदके एखाद्या पोरासारखे. हाउन्सलोपर्यंत तुझं नाक वाहत होतं. मग तू एकदम म्हणालास, "मला भूक लागली आहे," आणि चिप्सच्या दुकानासमोर गाडी लावलीस.

गाडीत बसूनच खात होतो. गरम चिप्सवर शिंपडलेल्या व्हिनेगरच्या वाफेने काचा धुरकटल्या होत्या. भरदुपार, रस्त्यावर माणसं होती, बसस्टॉपवर रांग होती. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्यांतल्या एकानेही काही पाहिलेलं नव्हतं.

ती चार-पाच पोरं कुठून आली कळलं नाही. डोकी भादरलेली, पायांत जड बूट. आधी छतावर थाप पडली. मग एकाने तुझ्या बाजूच्या काचेवर थुंकून ती थुंकी बोटाने पसरवली. सावळ्या रंगाच्या कुणालाही ते जी शिवी देत, ती दिली. मग बूट. दारावर, चाकावर, दिव्यावर. पुढचा दिवा फुटल्याचा आवाज मला आठवतो. "चल, बापू," मी म्हणालो, "चल, चल, चल." तू इंजिन चालू केलंस. तोवर त्यांनी गाडी दोन्ही बाजूंनी धरून झोपाळ्यासारखी हलवायला घेतली होती. सुधा मागे एका कडेवरून दुसऱ्या कडेला आपटत होती. तू क्लच दाबलास, दांडा पुढे ढकललास आणि तांबडीने तिची ती किंकाळी फोडली. पोरं हसली. त्यांच्यातला एक तसाच आवाज तोंडाने काढायला लागला.

मग बाटली आली. माझ्या बाजूची काच माझ्या तोंडावर सांडली. भुवई फाटली, डोळ्यांत रक्त उतरलं, आणि त्यानंतरचं मी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहिलं. तुझा श्वास. दांड्याचा कडाका. तुझं दार उघडलं. मी एक डोळा पुसून पाहतो तर गिअरच्या जागी नुसतं भोक, आणि तू रस्त्यावर, हातात तो लांब लोखंडी दांडा.

तू ओरडला नाहीस, हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. आयुष्यभर बोंबलणारा माणूस त्या वेळी गप्प होता. बाटलीवाला पोरगा माझ्या दाराशीच होता. तू बॉनेटला वळसा घालून आलास. त्याने तोंड वाचवायला हात वर केला आणि तू हाणलंस. हाडाचा आवाज आला. ओली फांदी मोडल्यासारखा नाही, कोरड्या फांदीसारखा. बाकीचे पळाले. त्यांच्यातल्या एकाला तू पाठीत लाथ घातलीस, तो कचऱ्याच्या डब्यावर कोसळला आणि उठून पळाला. बाटलीवाला पेव्हमेंटवर बसला. लोंबणारा हात मांडीवर घेऊन "मम, मम" अशा आईला हाका मारत.

तू त्याच्यावर पुन्हा दांडा उचललास. मी पाहिलं. सुधाने गाडीतून "दादा!" म्हटलं.

तू दांडा खाली केलास, त्या पोरासमोर गुडघे टेकलेस, आणि तुझा आवाज एकदम बदलला. वॉर्डातला झाला. "नाव काय तुझं? केव्हिन? बोटं हलव बघू. ही हलव. आता ही. छान. एकच हाड गेलंय, करंगळीच्या बाजूचं, सरळ आडवं मोडलंय. सहा आठवड्यांत फुटबॉल खेळशील." तू त्याच दांड्याची त्याच्या हाताला आधाराची पट्टी केलीस, वर आईने तुझ्यासाठी विणलेला मफलर गुंडाळलास आणि ते सगळं त्याच्या गळ्यात अडकवलंस. पोरगा तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. तासाभरापूर्वी तू जसा आईच्या खांद्यावर रडलास, अगदी तसा. पोलीस आले तेव्हा कोणी कुणाला मारलं हे त्यांना चटकन कळेना.

मग तांबडीला दुसऱ्या गाडीमागे बांधून घरी ओढत आणलं आणि माझी भुवई तूच शिवलीस, आपल्या स्वयंपाकघरात. हाडांच्या सर्जनने शिवलेली भुवई! ती अजून दुसरीपेक्षा वर आहे. माझ्या पेशंटांना वाटतं, डॉक्टर त्यांच्या प्रत्येक वाक्याने चकित होतात. त्यांना बरंही वाटतं.

खरी मारहाण पुढे होती. तुझा कन्सल्टंटचा, म्हणजे विभागातल्या वरिष्ठ डॉक्टरच्या जागेचा, इंटरव्ह्यू तोंडावर आलेला. आपल्यासारख्यांना त्या खुर्च्या सहसा मिळत नसत. त्यांच्या हाताखाली रजिस्ट्रार म्हणून केस पिकायचे, मग म्हाताऱ्यांच्या वॉर्डात कुठे तरी जागा मिळायची. आणि त्यात पोलिसांची केस! सार्जंट माणूस सभ्य होता, पण त्याचा प्रश्न एकच होता. दांडा गिअर टाकताना तुटून हातात आला, की मारण्यासाठी तुम्ही तो उपटलात? पहिलं असेल तर घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याने स्वतःला वाचवतो. दुसरं असेल तर ते हत्यार, मग कोर्ट, मग डॉक्टर म्हणून नोंदणी जाते की राहते बघा. मी छाती पुढे काढून सांगितलं, "तुटला! गिअर इतके जड होते की तुटणारच. कित्येक महिने आम्ही हेच निदान करतोय." तू गप्प बसलास. मला वाटलं, धक्का बसला असेल.

दुसऱ्या दिवशी पोलिसांचा ट्रक तांबडीला दारातून घेऊन गेला. त्यांच्या मेकॅनिकने दुसरा दांडा बसवला, यार्डात गाडी फिरवली आणि लिहून दिलं : गिअर उत्तम पडतात.

मी वेडा व्हायचा बाकी राहिलो. उत्तम? आपण दोघांनी ज्याच्यासाठी रविवारमागून रविवार घाम गाळला, खिडकी फोडली, तो आजार पोलिसांच्या यार्डात आपोआप बरा झाला? सार्जंट फोनवर थंडपणे म्हणाला, "तुमच्या मेव्हण्यांना वकील करायला सांगा."

मी डोकं निवावं म्हणून मागच्या बागेत गेलो. तिथे दोरी जमिनीपर्यंत वाकली होती आणि तिच्यावर एक भलंथोरलं ओलं धूड लोंबत होतं.

"हे काय?"

"तांबडीतली चटई," सुधा म्हणाली. "रक्त, काचा, व्हिनेगर! अशी गाडी पोलिसांकडे पाठवायची? काय म्हणतील ते लोक, किती घाणेरडी माणसं आहेत म्हणून. ट्रक यायच्या आधी धुऊन काढली सगळी."

बापू, आपल्याशिवाय जगात कुणी असं करील का? पुरावा धुऊन वाळत घालील का? आणि ती चटईसुद्धा केवढी! गाडीचं मूळ कार्पेट खराब होऊ नये म्हणून रबरी मॅट. रबरी मॅट चिखलाने भरू नये म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला सुधाने जिन्याच्या कार्पेटचा उरलेला तुकडा कापला, त्याला खालून जुनी सतरंजी दुमडून शिवली आणि पेडलांखाली ठोकून बसवली. आपण तिचं कौतुकही केलं होतं. पाय गरम राहतात म्हणून. मी चटई उलटीसुलटी केली. डाव्या अंगाला क्लचच्या पेडलाच्या आकाराचा चौकोन घासून चकचकीत झाला होता. पेडल तळाला जातच नव्हतं! दर वेळी त्या सतरंजीवर टेकून थांबत होतं, आणि क्लच अर्धाच सुटत होता. केबल ठीक, प्लेट ठीक, गिअरबॉक्स ठीक. आजार पायाखाली होता आणि आपण दोघं तज्ज्ञ दांड्याशी कुस्ती खेळत होतो.

ओली चटई खांद्यावर घेऊन मी पोलीस स्टेशनात शिरलो तेव्हा मागे पाण्याचा ओघळ होता. तुला आणि सुधाला ओढतच नेलं. सार्जंटने आधी चटईकडे पाहिलं, मग माझ्या वर चढलेल्या भुवईकडे. यार्डात चटई जागेवर बसवली. सार्जंट स्वतः बसला, इंजिन चालू केलं, क्लच दाबला, पहिला टाकायला गेला आणि तांबडी अशी किंचाळली की यार्डातली कुत्री भुंकायला लागली. त्याने पुन्हा जोर लावला. पुन्हा. चेहरा लाल. मग खाली उतरून म्हणाला, "मीसुद्धा तोडला असता."

मी जिंकलो होतो! आयुष्यात एकदाच माझं निदान असं भर चौकात खरं ठरलं होतं. सार्जंट तुझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" तू तोंड उघडलंस. सुधाने तुझा दंड धरला. तू तोंड मिटलंस. केस तिथेच संपली. केव्हिननेही आपला मोडलेला हात जोडणाऱ्या माणसाविरुद्ध सही करायचं नाकारलं.

आणि स्टेशनाबाहेर येताच तू मला गळ्याला धरून भिंतीवर आपटलंस. चटईसकट. डोकं विटेवर आदळलं, टाके उसवले. "तुला कुणी सांगितलं होतं रे? कुणी सांगितलं होतं तुला?" तू ओरडत होतास, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "वाचवलं तुला, हरामखोरा!" तू मला सोडलंस, चालायला लागलास आणि बसने घरी गेलास. त्यानंतर किती तरी महिने आला नाहीस. खुर्ची तुला मिळाली, मी अभिनंदनाला फोन केला, तू "हं" म्हणालास.

मग हळूहळू येऊ लागलास. पुन्हा भांडू लागलास. ही सगळी वर्षं मी तुला डिवचत राहिलो, "गिअरबॉक्स काय रे, गिअरबॉक्स?" इतर कशावरही तू माझं नरडं धरलं असतंस, पण यावर तू नुसता खिडकीबाहेर बघायचास. मला ते हार मानल्यासारखं वाटे आणि मी आणखी फुशारायचो. पण त्या भिंतीचं मला कधी कळलं नाही, बापू. सुटलेला माणूस सोडवणाऱ्याला का मारतो? विचारीन विचारीन म्हणत राहिलो. तुझ्या हृदयाने तुझ्यावरच एक रट्टा हाणला आणि विचारायचं राहून गेलं. आभार मानायचेही राहिले. त्या बाटलीवाल्याच्या आणि माझ्या मध्ये तू येऊन उभा राहिलास, त्याचे. ते आता इथे मानतो, कारण समोर असतास तर "चल, पूस तोंड" म्हणून पाठीत धपका घातला असतास.

एवढं लिहून मी सुधाला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदा नाक पुसलं. मग म्हणाली, "पहिला गिअर पडला होता."

"काय?"

"त्या दिवशी, हाउन्सलोला, बाटली फुटल्यावर. किंचाळला, पण पडला. गाडी हातभर पुढेसुद्धा गेली. रस्ता मोकळा होता. तुम्हाला कळलं नाही, तुमच्या डोळ्यांत रक्त होतं. दादाने वळून तुमच्याकडे पाहिलं. मग गिअर काढला, आणि मग दोन्ही हातांनी दांडा उपटला. सार्जंटला तो तेच सांगणार होता. मी दंड धरला."

मी म्हणालो, "आणि मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

तिने पुढची शेंग हातात घेतली.

"अहो, तुम्ही त्या चटईवर इतके खूश होतात," ती म्हणाली. "दादाच म्हणाला होता, राहू दे त्याला."